मानेतली नस उघडली तेव्हा

माझी नोकरीच बोलण्याची होती. लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास मी तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले. वडील किनवटच्या लायनीवर रेल्वेत गँगमन होते. रुळाच्या खिळ्यांवर हातोडा मारण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पोरगी कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसून काम करणार, याचं त्यांना इतकं अप्रूप की भेटायला आले की एक्स्चेंजच्या फाटकाबाहेर उभे राहून नुसती इमारत बघायचे.

तेव्हा सगळं गाव घाईत होतं. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, नव्या पाट्या. लांबच्या गावचे ऑपरेटर विचारायचे, "लातूर म्हणजे जिल्हा उस्मानाबादच ना?" मी म्हणायचे, "लातूर म्हणजे जिल्हा लातूर." हे वाक्य मी दिवसातून कितीदा म्हणत असेन, पण दर वेळी म्हणताना पाठ ताठ व्हायची. एका कानात नांदेड, दुसऱ्यात सोलापूर, समोर पेटलेले दिवे, हातात कॉल जोडायच्या दोऱ्या, आणि यातलं काहीही दुसऱ्यात मिसळायचं नाही. मला ते जमायचं. त्याचा थोडा तोराही होता.

पुढे यंत्रं आली, दोऱ्या गेल्या, मी दुसऱ्या टेबलांवर काम करून निवृत्त झाले. आणि मग तो दुष्काळ आला, ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या वर्षी माझं डोकं मंद होत चाललं होतं, पण सगळ्यांची डोकी पाण्यात अडकलेली, त्यामुळे कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. माझ्याही उशिराच आलं.

सुरुवात पेपरापासून झाली. बातमीच्या शेवटापर्यंत जायचे आणि सुरुवातीला काय होतं ते निसटलेलं असायचं. परत वर जायचं, परत खाली यायचं. मग मी नुसते मथळे वाचायला लागले. चार बायका बसल्या की माझ्या मनात उत्तर तयार व्हायचं, पण ते ओठांवर येईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. मग मी नुसती हसायची. आमचे हे माझी अर्धी वाक्यं स्वतःच पुरी करायला लागले. त्यांना वाटायचं, मदत करतोय. "ती डाळ जरा..." मी म्हणायची, की हे म्हणायचे, "भिजू घालतो." मला म्हणायचं असायचं की डाळ जरा शेजारी देऊन या. पण ते दुरुस्त करण्याइतकाही जोर नसायचा, मग डाळ भिजायची.

हे जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. बरीच वर्षं देवणीला, शेवटी औशाला. निवृत्तीनंतरही त्या उन्हाळ्यात औशाजवळच्या चारा छावणीवर जायचे. कुणाचा बैल बसला, कुणाच्या गाईनं खाणं टाकलं, की लोक यांना हाक मारायचे. संध्याकाळी धुळीनं पांढरे होऊन परत यायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "उन्हानं सगळ्यांचंच असं झालंय. जनावरं बी गप उभी हायेत."

माझी शेजारीण उदगीरकडची. तिचं किराणा दुकान, महादेवाची पूजा झाल्याशिवाय शटर वर करत नाही, आणि बोलायला एकदम फटकळ. तिनंच पहिल्यांदा सरळ तोंडावर म्हटलं, "काकू, तुमी लई गप बसून राहिल्या आजकाल. घरात काई झालंय का?"

"न्हाई गं," मी म्हटलं. एवढंच पटकन म्हणता आलं.

मग तो टँकरचा दिवस. सकाळचे दहा-साडेदहा असतील. टँकर आमच्या गल्लीत आला, पाळीप्रमाणे नळी माझ्या हातात आली, मी ती पिंपात सोडली. पिंप भरलं. मला दिसत होतं की भरलंय. पाणी काठावरून खाली आलं, माझ्या पायावरून वाहिलं, मातीत गेलं. आणि आता काय करायचं असतं, ते मला सुचेना. त्या वर्षी सांडलेल्या पाण्याकडे लोक सांडलेल्या रक्तासारखं बघत होते. बायका ओरडायला लागल्या. कुणीतरी म्हटलं, "बाई, डोळे फुटले का?" मी त्यांच्याकडे वळले, आणि उजव्या हातातली नळी आपोआप सुटली. हात होता, पण माझा नव्हता. मला म्हणायचं होतं, "घ्या ना कुणीतरी." तोंडातून काहीतरी निघालं, ते शब्द नव्हते.

शेजारणीनं नळी उचलून दुसरीच्या हातात दिली आणि मला ओट्यावर बसवलं. "काकू, हात वर करा बघू." उजवा वर गेला नाही. तिनं दुकानातल्या फोनवरून यांना बोलावलं. हे औशाहून येईपर्यंत माझा हात ठीक झालेला होता, बोलणंही परत आलेलं होतं. मी चहा पीत बसले होते. यांनी कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाले, "ऊन लागलं. कांदा आण."

"काका," शेजारीण म्हणाली, "कांदा मी देते, पण आदी दवाखान्यात जावा. माझ्या सासऱ्याचं असंच झालं होतं. आमी कांदाच लावीत बसलो."

हे तसेच उठले. रिक्षा आणायला गेले.

लातूरच्या डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग स्टेथोस्कोप छातीला लावला, पाठीला लावला, आणि शेवटी मानेला, डाव्या बाजूला, जबड्याच्या खाली. तिथं ते बराच वेळ थांबले. "श्वास रोखा," म्हणाले. मी रोखला. नंतर ते यांना म्हणाले, "रक्त अरुंद जागेतून जाताना आवाज करतं. इथं करतंय." सोनोग्राफीसारखी एक तपासणी मानेवर झाली. मेंदूला रक्त नेणारी डावीकडची मोठी नस आतून भरत भरत बरीचशी बंद झाली होती. उजवीकडेही थोडं होतं. टँकरच्या दिवशी डावीकडच्या थराचा एखादा कण सुटून वर गेला असणार, आणि सुदैवानं विरघळला असणार. डॉक्टर म्हणाले, "ही सूचना होती. दुसरी सूचना मिळंलच असं नाही."

त्यांनी नांदेडला पाठवलं. तिथं आमची मुलगी शिक्षिका आहे, आणि नसांची शस्त्रक्रिया करणारे एक सर्जनही तिथल्या दवाखान्यात होते. मान उघडायची, नस उघडायची, आतला थर काढून टाकायचा आणि परत शिवायची, असं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. नसेत जाळी म्हणजे स्टेंट बसवण्याचा दुसरा मार्ग होता, पण माझ्या नसेचं वळण बघता त्यांना हाच बरा वाटत होता.

मी विचारलं, "माझं डोकं परत पहिल्यासारखं चालेल का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हे ऑपरेशन आपण लकवा टाळायला करतोय. तेवढं मी छातीठोक सांगतो की धोका बराच कमी होईल. बुद्धीचं मी तसं सांगू शकत नाही. रक्त कमी पोचत होतं म्हणून मंदपणा आला असेल तर काहींना नंतर हुशारी वाटते. काहींना फरक पडत नाही. थोड्यांना ऑपरेशनमध्येच त्रास होतो, बारीकसं नुकसान होतं. आधी एक चाचणी करून ठेवू, नंतर परत करू, म्हणजे आपल्याला अंदाज येईल."

मला त्या माणसाबद्दल विश्वास वाटला तो यामुळेच. यांना मात्र भीती वाटली. त्या दुपारी मुलीच्या घरी जेवताना यांनी ताट बाजूला सारलं.

"मानेला सुरी लावायची म्हणजे काय खेळ हाय का? मी जनावरांच्या मानेतनं रक्त काढलंय. तिथं काय काय असतं मला माहीत हाय."

"म्हणूनच तुम्हाला जास्त भीती वाटतीय, बाबा," मुलगी म्हणाली. "आम्हाला माहीत नाही म्हणून आम्ही निवांत आहोत."

"तू गप. आईला विचार."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मला उत्तर द्यायला वेळ लागत होता, आणि त्या दिवशी पहिल्यांदा यांनी माझं वाक्य पुरं केलं नाही. थांबले. मी म्हटलं, "टँकरपाशी मी उभी होते ना, तसं मला जन्मभर उभं राहायचं नाही. करू या."

चाचणी घेणारी बाई तरुण होती, आवाज मऊ. तिनं मला पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं विचारणार म्हणाली. मग म्हणाली, एका मिनिटात 'प' पासून सुरू होणारे जितके सुचतील तितके शब्द सांगा. मी म्हटलं, पाणी. पाईप. पिंप. पाळी. पाणी. "पाणी झालं," ती हळूच म्हणाली. त्यानंतर काही येईना. 'प'ची सगळी भाषा आटून गेली होती. मग आकडे उलटे म्हणायचे होते. ती तीन आकडे सांगायची, मी उलटे म्हणायचे. चार आकड्यांवर मी अडले. जी बाई एके काळी गावंच्या गावं कानात सांभाळायची, ती चार आकड्यांवर अडली. पाच शब्दांपैकी एकच आठवला. बाहेर आल्यावर मी मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ती काही समजूत घालत बसली नाही. तिनं मला लिंबू सरबत पाजलं आणि घरी नेलं.

ऑपरेशनच्या दिवशी मला कळलं की मला झोपवणार नाहीत. मान बधिर करणार, पण मी जागी राहणार. भूल देणाऱ्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी माझ्या उजव्या हातात रबराचं बदक दिलं, लहान लेकरांचं असतं तसं, दाबलं की चीं करणारं. "हे अधूनमधून दाबायचं, आणि बोलत राहायचं. नस थोडा वेळ चिमट्यानं बंद करावी लागते. तुमचा हात आणि तुमचं बोलणं चालू आहे तोवर आम्हाला कळतं की मेंदूला दुसरीकडून रक्त पोचतंय."

"काय बोलू?"

"काहीही. काम काय करत होता?"

तोंडावरून हिरवी चादर बाजूला उचलून धरली होती. मला फक्त त्या बाईंचे डोळे दिसत होते. मानेवर कुणीतरी दाबतंय, ओढतंय एवढंच कळत होतं, दुखत नव्हतं. मी एक्स्चेंजबद्दल सांगायला लागले. दोऱ्या कशा असायच्या, दिवे कसे लागायचे. सर्जनचा आवाज आला, "आता बंद करतोय." बाई म्हणाल्या, "बोला, बोला."

मी देवणीच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगायला घेतली. एक म्हातारा देवणीच्या पोस्टात येऊन बसला होता. त्याला किनवटच्या आश्रमशाळेत शिकणाऱ्या नातवाशी बोलायचं होतं. देवणीहून उदगीर, उदगीरहून आम्ही, आम्ही नांदेड, नांदेडहून किनवट, असा तो कॉल लागायचा. बऱ्याच खटपटीनं लागला. पण लाईन इतकी खराब की म्हाताऱ्याला नातवाचं ऐकू जाईना, नातवाला म्हाताऱ्याचं. मला मात्र मधे बसून दोघांचं ऐकू येत होतं. नियमानं ऑपरेटरनं मधे बोलायचं नसतं. पण दोघं नुसते 'हॅलो हॅलो' करत होते, आणि वेळ संपत चालला होता. म्हणून मी मधे पडले. म्हाताऱ्याला विचारलं, "काय सांगू त्याला?" तो म्हणाला, "सांगा, आपली गाय व्याली. आन तिला..."

इथं मी थांबले.

मला पुढचा शब्द माहीत होता. ती मला दिसत होती, ओली, उभी राहू बघणारी, लटपटते पाय. तिला काय म्हणतात ते येत नव्हतं. मग आजूबाजूचं बोलणंही नुसता आवाज झालं. बाई काहीतरी विचारत होत्या. उजव्या हातात बदक होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. घाबरायलासुद्धा शब्द लागतात हे मला त्या वेळी कळलं. मी घाबरले नाही. मी रिकामी होते.

नंतर समजलं की त्यांनी लगेच एक बारीक नळी घालून रक्ताला तात्पुरती वाट करून दिली. मला एवढंच आठवतं की बाईंचे डोळे परत डोळे झाले, आणि त्यांचा आवाज ऐकू आला, "गाय व्याली, मग?"

"कालवड," मी म्हटलं. "कालवड झाली."

कुणीतरी मोठा श्वास सोडला. हातातलं बदक ओरडलं, ते मीच दाबलं होतं.

चादरीपलीकडून सर्जन म्हणाले, "मग? नातू काय म्हणाला?"

"तो म्हणाला, पांढरी हाय का ठिपक्याची? मी म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा म्हणाला, ठिपक्याची. मी नातवाला सांगितलं. मग नातू म्हणाला, तिचं नाव मी ठेवणार, आणि नाव सांगितलं. मी म्हाताऱ्याला सांगितलं तर म्हातारा हसायला लागला."

"काय नाव?"

मी शोधलं. नव्हतं. "ते आता आठवत नाही."

"चालेल," ते म्हणाले. "नाव नसलं तरी चालेल. बोलत राहा."

शेवटी त्यांनी मला काढलेला थर दाखवला. पिवळट, कडक, नळीसारखाच आकार धरलेला. आमच्या बोअरच्या पाण्यानं हंड्याच्या तळाशी जमतो तसा. एवढ्याशा गोष्टीनं माझी अर्धी वाक्यं खाल्ली होती, याचं मला हसू आलं.

ऑपरेशन झालं म्हणजे दिवा लागला, असं काही झालं नाही. आवाज कितीतरी दिवस घोगरा होता. डाव्या कानाची पाळी बधिर झाली, ती अजूनही थोडी आहेच. डोकं दुखायचं, झोप यायची, आणि काही दिवस तर मी आधीपेक्षा मंद झाले असं मला वाटायचं. लातूरला परत आल्यावर हे सकाळी चहाबरोबर परीक्षा घ्यायचे. "आज वार कोणता? काल भाजी काय केली होती?" दोन आठवडे मी उत्तरं दिली. मग म्हटलं, "मी तुमच्या छावणीतली गाय न्हाई. रोज तपासू नका." हे कप घेऊन उठले. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "आत्ता जे बोललीस ना, ते एका दमात बोललीस."

मला ते लक्षातच आलं नव्हतं.

त्यानंतर मी बघायला लागले. पेपरातली एक बातमी शेवटपर्यंत गेली आणि सुरुवात हातात राहिली. शेजारणीच्या दुकानात तिनं कुणाची तरी नक्कल केली आणि मी सगळ्यांबरोबर हसले, मागून नाही. फोनवर मुलगी तिच्या शाळेतलं भांडण सांगत होती, तर मी मधेच विचारलं, "पण ती तर मागच्या वेळी तुझ्या बाजूनं होती ना?" मग मुलगी म्हणाली, "आई, परत एकदा बोल." रस्ते पावसानं भिजायला लागले तेव्हाही टँकर चालूच होते, पण मी नळीपाशी उभी राहायला घाबरत नव्हते.

काही महिन्यांनी नांदेडला परत चाचणी झाली. 'प'चे शब्द भराभर आले. पोहे, परात, परवाना, पदर, परभणी. आकडे पाचपर्यंत उलटे म्हणता आले. कागदावर विखुरलेले आकडे क्रमानं रेघेनं जोडायचे होते, तेही पहिल्या चाचणीपेक्षा खूप लवकर जोडले. पाच शब्दांपैकी मात्र दोनच आठवले. त्यात फारशी सुधारणा नाही, असं ती तरुण बाई म्हणाली.

"म्हणजे नस उघडल्यानं निम्मं परत आलं?" मी विचारलं.

"तसं मला म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "रक्त नीट पोचतंय हे कारण असेल. तुम्ही चाचणी दुसऱ्यांदा देताय हेही असेल. गोळ्या सुरू आहेत, झोप लागतेय, मनातली भीती कमी झालीय. सगळ्यांचं मिळून असेल. पण तुमचा वेग वाढलाय, हे खरंय."

मला ते पुरेसं होतं. उजव्या नसेवर लक्ष ठेवायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, मीठ कमी.

आम्ही निघत होतो तेव्हा सर्जननी आम्हाला थांबवलं. म्हणाले, "वॉर्डात देगलूरकडचे एक शेतकरी आहेत. त्यांचं हेच ऑपरेशन आहे आणि जागं राहायचं म्हटल्यावर ते घरी जायला निघालेत. तुम्हाला जमत असेल तर बोलता का?"

खाटेवर एक उंच, वाळका माणूस पाय खाली सोडून बसला होता. पायात चपला घातलेल्या. त्याची बायको पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर. मी माझी मान वळवून त्याला व्रण दाखवला. त्यानं जवळ येऊन बघितला, जसा कुणी बैलाचा दात बघतो.

"दुखलं का?"

"दुखलं न्हाई. ओढल्यासारखं झालं."

"मधी काई झालं?"

"झालं. माझं बोलणं बंद पडलं. मग त्यांनी लगेच वाट करून दिली, बोलणं चालू झालं. मी जागी होते म्हणूनच त्यांना कळलं."

तो परत खाटेवर जाऊन बसला. मग खरी गोष्ट विचारली. "माझं डोकं चालून न्हाई राहिलं. हिशेब लागंना, माणसाचं नाव येईना. हे केल्यावर चालंल?"

"माझं बरंच चाललं. तुमचं चालंल का, मला माहीत न्हाई, आणि हे डॉक्टर बी तुम्हाला खोटं सांगायचे न्हाईत. पण लकव्याचा धोका कमी होतो. मी तेवढ्यासाठी केलं. बाकीचं वरचं मिळालं."

त्यानं माझ्याकडून नजर काढून यांच्याकडे बघितलं. पुरुषाला पुरुषाकडून ऐकायचं होतं. "बाई आदीसारख्या झाल्या का?"

हे खाटेजवळ सरकले. मग म्हणाले, "आदीसारखी न्हाई. आदी ती चार जणांचं एकदम ऐकायची, आता दोघांचं ऐकते. पण मागच्या उन्हाळ्यात ती माझ्या घरात असून नसल्यासारखी होती. आता हाय."

इतकं सरळ हे माझ्याबद्दल माझ्यासमोर कधी बोलले नव्हते. मी खिडकीकडे बघत राहिले.

त्या माणसानं चपला काढल्या आणि पाय वर घेतले. त्याच्या बायकोनं पिशवी खाली ठेवली, माझ्याजवळ सरकली आणि दबक्या आवाजात विचारलं, "ताई, मागनं जेवायला कवा देत्यात? ह्यांना भूक आवरत न्हाई."

मी तिच्याशेजारी बसले आणि सांगायला लागले, आधी पाणी, मग पातळ खिचडी, आणि भाकर गिळायला जरा दिवस लागतात.